आउट-ऑफ-स्टेट फी भरताय? या चुका टाळा

मिशिगन विद्यापीठाची 2024-25 ची ट्यूशन, म्हणजे शिक्षणाची फी, बघा. पहिल्या दोन वर्षांत राज्यातल्या मुलाला वर्षाला साधारण 18 हजार डॉलर, बाहेरच्याला 60 हजारांच्या वर. न्यू जर्सीतल्या मराठी घरात अ‍ॅन आर्बरचं, म्हणजे याच विद्यापीठाचं, पत्र आलं की आधी पेढे आणि मग हा हिशेब. तो बहुतेक घरांत पहिल्या वर्षाच्या फीला चारने गुणून होतो, आणि तिथेच चुकतो. मिशिगनमध्ये तिसऱ्या-चौथ्या वर्षाची ट्यूशन मुळातच जास्त असते, शिवाय दरवर्षीची वाढ वेगळी. पर्ड्यूसारखी 2013 पासून ट्यूशन गोठवून ठेवणारी विद्यापीठं विरळाच.

सगळ्यात महागात पडतं ते "पहिलं वर्ष भरू, मग इन-स्टेट (त्या राज्याचे रहिवासी) होऊ" हे गणित. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात 2025-26 च्या नव्या बाहेरच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या ट्यूशनवर वर्षाला 37,602 डॉलर जादा लागतात. ते टळायला 366 दिवस राज्यात राहणं पुरत नाही. आईवडील कॅलिफोर्नियाचे रहिवासी नसतील आणि मूल 24 च्या आतलं असेल, तर ते आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र असल्याचे पुरावे मागतात. ज्याची फीच घरून जाते, तो ते आणणार कुठून? काकांचा पत्ता देऊनही भागत नाही.

एच-4 वर, म्हणजे एच-1बी वर काम करणाऱ्या आईवडिलांवर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर, असलेल्या मुलांचं आणखी वेगळं. टेक्सस, कॅलिफोर्नियात अशा मुलांना रहिवासी धरलं जाऊ शकतं, पण 21 पूर्ण झाली की एच-4 संपतो आणि बहुतेकांना एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. त्यानंतर इन-स्टेट दर टिकेल का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या. फेडरल (केंद्र सरकारचं) कर्ज तर एच-4 वर मिळतच नाही. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांनीही पॅरेंट प्लस (मुलाच्या शिक्षणासाठी आईवडिलांनी घ्यायच्या फेडरल) कर्जावर फार विसंबू नये: 1 जुलै 2026 पासून नव्याने घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला 20 हजार आणि एकूण 65 हजार डॉलर एवढीच मर्यादा आहे.

नावाला भुलून मेजर (मुख्य विषय) न बघणं, हीही नेहमीची चूक. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे कॉम्प्युटर सायन्स मिळालं असं नव्हे. ती जागा सुरुवातीलाच मिळाली नसेल तर नंतर आत शिरणं फार कठीण. थेट हव्या त्या मेजरला प्रवेश असेल आणि आपल्या राज्यात तसा विभाग नसेल, तरच मी जादा पैसे मोजायला हो म्हणेन. नाहीतर न्यू जर्सीचं आपलं रटगर्स विद्यापीठ काय वाईट आहे?

मधली वाटही असते. वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज या योजनेत पश्चिमेकडच्या राज्यांतल्या मुलांना सहभागी कॉलेजांत इन-स्टेटच्या जास्तीत जास्त दीडपट ट्यूशन पडते. न्यू जर्सीकरांना तिचा उपयोग नाही. अलाबामा विद्यापीठ बाहेरच्या मुलांना मार्कांवर आपोआप स्कॉलरशिप देतं. एक्स्चेंजची सवलत मात्र काही ठिकाणी अर्जातच मागावी लागते, आणि ती मुदत प्रवेशाच्या मुदतीआधी संपलेली असू शकते.