टर्नटेबलची पॉवर वायर बदलताय? आधी या चुका टाळा

टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, लावला की डाव्या स्पीकरमधून सारखी घूंऽऽ. सुई रेकॉर्डवर नसली तरी घूंऽऽ. दुकानदार म्हणाला, "साहेब, आपल्याकडची लाइटच खराब. पॉवर केबल बदला, फरक बघा." माझ्या टर्नटेबलची वायर मागून काढता येते, त्यामुळे मोह आवरला नाही. अकरा हजार मोजून मनगटाएवढी जाड, जाळीदार वेष्टनाची वायर आणली. घुमघुम जागची हलली नाही.

दोष निघाला हेडशेलमध्ये, म्हणजे दांडीच्या टोकाला कार्ट्रिज (सुईचा डबा) बसतो त्या भागात. कार्ट्रिजच्या मागे चार पिना असतात आणि त्यांवर लाल, हिरव्या, पांढऱ्या, निळ्या वायरींच्या बारीक टोप्या. डाव्या बाजूची निळी टोपी सैल झाली होती. काढून चिमट्याने किंचित दाबली, परत बसवली, काम झालं. ती वायर आता कॉम्प्युटरला लावली आहे. कॉम्प्युटर उत्तम चालतो.

पहिली चूक म्हणजे हिशेब न करणं. टर्नटेबल खातं किती? धरा 10 वॅट. 230 व्होल्टवर हा करंट 0.04 अँपिअरच्या आसपास येतो. साध्या 0.75 चौरस मिलिमीटरच्या दीड मीटर वायरीत त्याने जेमतेम साडेतीन मिलिव्होल्ट पडतात. महागडी वायर यातले वाचवून वाचवणार किती? शिवाय डीपीपासून तुमच्या भिंतीतल्या बोर्डापर्यंत साधीच वायर आलेली असते, तिचं काय? बऱ्याच नव्या टर्नटेबलना तर 12 व्होल्टचा अडॅप्टर येतो. तिथे बदलायला वायरच नसते.

दुसरी चूक जास्त महागात पडते: घुमघुम विजेच्या वायरीतून येते असं धरून चालणं. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजचा सिग्नल असतो 4-5 मिलिव्होल्ट, मूव्हिंग कॉइल प्रकारच्या कार्ट्रिजचा बहुतेक वेळा अर्ध्या मिलिव्होल्टच्या आत. फोनो स्टेज, म्हणजे हा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट, पहिल्याला शंभरपट आणि दुसऱ्याला हजारपट मोठा करते. त्यात रेकॉर्ड कापताना मुद्दाम कमी केलेला खर्ज इथे परत वाढवला जातो, आणि आपल्या लाइटचे 50 हर्ट्झ नेमके त्या खर्जातच बसतात. म्हणजे सिग्नलच्या नाजूक वायरीत कुठे जरा ढिलाई झाली की घुमघुम आलीच.

म्हणून शोध तिथूनच सुरू करा. ॲम्प्लिफायर बंद करून त्याच्या मागच्या, टर्नटेबलकडून आलेल्या डाव्या-उजव्या पिना अदलाबदल करा आणि परत चालू करा. घुमघुम दुसऱ्या स्पीकरात गेली तर दोष टर्नटेबल किंवा त्याच्या केबलमध्ये आहे, तिथेच राहिली तर ॲम्प्लिफायर किंवा त्याच्या पुढे. दोन्हीकडून सारखी येत असेल तर टर्नटेबलची बारीक अर्थ वायर ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला घट्ट आहे ना, ते बघा. मग मोटर बंद ठेवून टोनआर्म (सुईची दांडी) हाताने, रेकॉर्डच्या वरूनच, आतबाहेर न्या. जागा बदलली की घुमघुम कमीजास्त होत असेल, तर जवळचा ट्रान्सफॉर्मर छळतोय. ॲम्प्लिफायर दोन फूट लांब सरकवा. टर्नटेबलमध्येच प्रीअँप (आतलीच फोनो स्टेज) असेल आणि तुम्ही ॲम्प्लिफायरच्याही फोनो सॉकेटलाच जोडलं असेल, तर आवाज फाटेल आणि घुमघुमही वाढेल; टर्नटेबलच्या मागचं फोनो-लाइनचं बटण एकदा तपासा.

आणि कृपा करून थ्री-पिनची जाड, अर्थची पिन कापू नका. घुमघुम थांबते खरी, पण ॲम्प्लिफायरमध्ये कधी बिघाड झाला तर त्याच्या पत्र्यात उतरलेला करंट जाणार कुठून? तुमच्यातूनच. जुन्या वाड्यात, जुन्या चाळीत अर्थिंग आहे की नुसतीच तीन भोकं आहेत, हे आधी वायरमनकडून बघून घ्या. केबलपेक्षा त्याची मजुरी सत्कारणी लागते.

"नव्या वायरने स्पीड स्थिर झाला" असंही ऐकू येतं. एसी सिंक्रोनस मोटर लाइटच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते, आणि फ्रिक्वेन्सी वायरीने बदलत नाही. अमेरिकेतल्या भावाने अशा मोटरचं जुनं टर्नटेबल पाठवलं की याचा पुरेपूर अनुभव येतो. 110 व्होल्टचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून मोटर फिरते, पण ती 60 हर्ट्झची. इथल्या 50 वर 33⅓ ऐवजी मिनिटाला पावणेअठ्ठावीस फेरे होतात आणि काळी पाचमध्ये गायलेलं गाणं जवळपास पांढरी पाचमध्ये उतरतं. पेटी काढून पडताळा हवा तर! साधा उपाय म्हणजे मोटरवर 50 हर्ट्झची पुली, जुनीपेक्षा व्यासाने वीस टक्के मोठी.

वायर बदलावी कधी? रबर कडक होऊन भेगा पडल्या असतील, प्लग तापत असेल, किंवा आत कुणीतरी पीळ मारून नुसती चिकटपट्टी गुंडाळली असेल तेव्हा. तेव्हा मात्र लगेच बदला. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला आयएसआय शिक्क्याची साधी वायर मिळते, तीच घ्या. जुन्या मशीनमध्ये अर्थ नसेल तर तीन तारांची वायर स्वतः जोडत बसू नका, मेकॅनिककडे द्या. आणि पत्रा उघडण्याआधी नुसतं बटण बंद करू नका, प्लग भिंतीतून काढून ठेवा.