पुढच्या हबचा आवाज: चाक उघडण्याआधी आणि उघडल्यावर या चुका टाळा

दोन पावसाळ्यांपूर्वी नाशिकहून पेठकडे जाताना सावळघाटाच्या उतारावर माझ्या फोर बाय फोर पिकअपच्या पुढच्या बाजूने घोंघावल्यासारखा आवाज येऊ लागला. तो डावीकडून येतो असे मला वाटले, गॅरेजमधल्या मिस्त्रींनाही तसेच वाटले, आणि डाव्या हबची, म्हणजे चाकाच्या मध्यभागी फिरणाऱ्या भागाची, दोन्ही बेअरिंगे बदलून झाली. आवाज मात्र तसाच राहिला, कारण खराब बेअरिंग उजव्या चाकात होते. त्या दिवशीचा खर्च आणि वाया गेलेली चांगली बेअरिंगे यांमुळे मी या विषयाकडे नीट लक्ष देऊ लागलो. आवाज कुठून येतो हे कानाला विचारण्याआधी तो येत असताना नेमके काय फिरत आहे हे पाहावे, असे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे.

पहिली चूक म्हणजे दिशेबाबत केबिनमध्ये बसून निर्णय देणे. चाकाचा आवाज नकल (चाकाला धरून वळवणारा सांधा), सस्पेन्शन आणि चेसिसमधून पायाखालच्या पत्र्यापर्यंत येतो आणि वाटेत त्याची दिशा हरवते. त्याऐवजी मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने गाडी हलकेच डावीकडे आणि मग उजवीकडे वळवावी. डावीकडे वळताना गाडीचे वजन उजव्या चाकांवर जाते, त्यामुळे आवाज तेव्हा वाढत असेल तर संशय उजव्या बेअरिंगवर घ्यावा, आणि उलट असेल तर डाव्या. माझ्या गाडीवर ही साधी चाचणी आधी केली असती, तर डावा हब उघडण्याची वेळच आली नसती.

टायरच्या आवाजाला बेअरिंगचा आवाज समजणे ही याच जातीची दुसरी चूक आहे. जाड नक्षीचे, चिखलासाठीचे टायर, विशेषतः कडेने दातेरी झिजलेले, अगदी खराब बेअरिंगसारखे घोंघावतात. फरक असा की डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर टायरचा आवाज स्पष्टपणे बदलतो, तर बेअरिंगचा आवाज रस्ता बदलला तरी बहुधा तसाच राहतो आणि वेगाबरोबर चढत-उतरत जातो. शंका राहिली तर पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावून पाहावे. आवाज चाकांबरोबर मागे गेला तर हबला हात लावण्याचे कारणच उरत नाही. दिंडोरी-निफाडकडच्या काळ्या मातीत फिरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ही माती रिमच्या आतल्या बाजूला थापली जाऊन सुकते, चाकाचा तोल बिघडतो आणि स्टिअरिंग थरथरू लागते, पण त्याचा बेअरिंगशी काहीही संबंध नसतो. पाण्याचा जोरदार फवारा एवढाच त्यावरचा इलाज आहे.

हाताने किंवा व्हॅक्यूमने लागणारे लॉकिंग हब, म्हणजे चाक एक्सल शाफ्टला जोडणारे किंवा त्यापासून सोडवणारे हब, असलेल्या गाडीत निदानाचे सर्वांत मोठे साधन त्या हबमध्येच असते, आणि तेच न वापरणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. हब फ्री आणि गिअर टू-एचमध्ये (इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना) असताना चाक, डिस्क आणि हब एवढेच फिरतात. एक्सल शाफ्ट, पुढचे डिफरन्शियल (दोन्ही चाकांत जोर वाटणारा गिअरचा डबा) आणि त्याला जोर आणून देणारा पुढचा प्रोपेलर शाफ्ट यांना चाकाकडून फिरण्याचे कारण नसते. या स्थितीत आवाज येत असेल, तर संशय चाकाचे बेअरिंग, ब्रेक आणि टायर यांच्यापुरताच उरतो. आता गिअर टू-एचमध्येच ठेवून दोन्ही हब लॉक करावेत. चाकांबरोबर आता शाफ्ट, डिफरन्शियल आणि प्रोपेलर शाफ्टही फिरू लागतात. आधी नसलेला आवाज आता आला, तर चाकाचे बेअरिंग जवळजवळ निर्दोष ठरते आणि लक्ष शाफ्टचे जॉइंट, डिफरन्शियल किंवा स्पिंडलच्या (हब ज्यावर फिरतो त्या स्थिर, पोकळ दांड्याच्या) आतले, शाफ्टला आधार देणारे बुश अथवा सुई-बेअरिंग यांच्याकडे वळते. हे छोटे बेअरिंग कोरडे पडले की हब लॉक असतानाच कुरकुरते, कारण हब फ्री असताना त्याच्या आत शाफ्ट फिरतच नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना 'कट-कट' ऐकू आले तर शाफ्टच्या बाहेरच्या टोकाचा वळता सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट किंवा युनिव्हर्सल जॉइंट, पाहावा. ज्या गाड्यांत लॉकिंग हब नसतात आणि शाफ्ट चाकाला कायम जोडलेले असतात, त्यांना ही विभागणी लागू होत नाही. तिथे वळणाच्या आणि पुढे सांगितलेल्या जॅकच्या चाचणीवरच भिस्त ठेवावी लागते.

तिसरी पायरी म्हणजे फोर-एच (जोर चारही चाकांना), पण ती माती किंवा वाळूवरच करावी. सेंटर डिफरन्शियल नसलेली गाडी कोरड्या डांबरावर फोर-एचमध्ये वळवली की पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापू पाहतात, पुढे-मागे जोर वाटणारी ट्रान्सफर केस त्यांना तसे करू देत नाही, आणि साठलेला ताण टायर घसरून झटक्याने सुटतो. त्या धक्क्यांना आणि आवाजांना बिघाड समजून हब उघडणारे लोक मी पाहिले आहेत. तो बिघाड नव्हे. पण तसेच चालवत राहिल्यास बिघाड नक्की होतो.

लॉकिंग हबच्या स्वतःच्या चुका वेगळ्या असतात. डायल अर्धवट फिरली, तर दाते अर्ध्यावर लागून जोर पडताच 'कर्र' असा आवाज करत सुटतात. व्हॅक्यूमच्या हबमध्ये तडकलेली रबरी नळी नेमका हाच परिणाम घडवते, त्यामुळे महागडा हब बदलण्याआधी नळ्या आणि त्यांची टोके तपासावीत. चिखल सुकून घट्ट झालेली डायल पक्कड लावून फिरवू नये. ती खोलून, साफ करून हाताने फिरेल अशी करावी.

ब्रेकविषयी थोडक्यात सांगतो. तीक्ष्ण, खरवडल्यासारखा आणि अचानक सुरू झालेला आवाज बहुधा डिस्क आणि तिच्यामागचा धुळीचा पत्रा यांच्यात अडकलेल्या खड्याचा असतो, आणि शेताच्या खडीवरून आल्यावर तर तो आधी तपासावा. ब्रेकवर पाय ठेवताच थांबणारी किंचाळी बहुतेक वेळा झिजलेल्या पॅडच्या सूचक पट्टीची असते.

यानंतरही संशय हबवरच राहिला, तर गाडी सपाट जागी उभी करून, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून, पुढची बाजू जॅकने उचलावी आणि मजबूत लोखंडी स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हात घालू नये. चाक वर आणि खाली धरून हलवल्यास बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिली हालचाल, समजतो. डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यास टाय रॉडचा ढिलेपणाही त्यात मिसळतो. वर-खाली हलवताना प्ले जाणवला, तर सोबत्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर हालचाल नाहीशी झाली तर दोष बेअरिंगचा, आणि तशीच राहिली तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन या चाक वळवणाऱ्या सांध्यांचा. पुढे कॉइल स्प्रिंग असेल, तर एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवावे. खराब बेअरिंगची खरखर कानाला ऐकू येण्याआधी स्प्रिंगमधून बोटांना जाणवते. मात्र उचललेल्या चाकावर वजन नसल्याने काही खराब बेअरिंगे इथे गप्प राहतात, म्हणून ही चाचणी स्वच्छ निघाली तरी रस्त्यावरच्या चाचणीचा निष्कर्ष फेकून देऊ नये.

उघडल्यावर ग्रीस लगेच पुसून टाकणे ही मला फार खटकणारी चूक आहे, कारण बिघाडाची सगळी हकिकत त्या ग्रीसमध्येच असते. दुधी रंगाचे ग्रीस म्हणजे पाणी शिरले आहे. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्यांना हे नेहमीचे असते: चालून तापलेला हब थंड पाण्यात बुडताच आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. म्हणून पाण्यात उतरण्याआधी हब थोडे निवू द्यावेत, आणि खोल पाणी ओलांडल्यावर ग्रीस तपासून घ्यावे. ग्रीसमध्ये चमकणारे कण दिसले, तर रोलर किंवा कप (रोलर ज्यावर फिरतात ती बाहेरची कडी) यांचे पापुद्रे सुटत आहेत. निळसर झालेला पोलाद म्हणजे अति उष्णता, आणि तिचे कारण बहुधा गरजेपेक्षा आवळलेला नट, संपलेले ग्रीस किंवा अडकलेला ब्रेकचा कॅलिपर असते. कारण न शोधता नवे बेअरिंग बसवले, तर तेही त्याच वाटेने जाते.

टेपर रोलर बेअरिंग बसवताना जुना कप हबमध्येच ठेवून फक्त आतला रोलरचा भाग बदलू नये. कपही नवा हवा, आणि तो छिन्नीने ठोकून न बसवता प्रेसवर किंवा योग्य मापाच्या गोल तुकड्याने सरळ बसवावा. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये प्रेसचे काम करून देणारे वर्कशॉप शोधावे लागत नाही, त्यामुळे हातोडीची घाई करण्याचे कारणही नाही. बेअरिंग मात्र जुन्यावर कोरलेला क्रमांक पाहून आणि खात्रीच्या दुकानातूनच घ्यावे, कारण नावाजलेल्या छापाची नकली बेअरिंगे बाजारात असतात. धुतलेले बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नये. कोरडे रोलर त्यात ओरखडतात आणि सुटलेला भाग इजा करू शकतो. ग्रीस नुसते बाहेरून लावणे पुरेसे नसते, ते रोलरच्या मधल्या फटींत दाबून भरावे लागते. जुन्या वेगळ्या जातीच्या ग्रीसमध्ये नवे मिसळू नये, आणि लॉकिंग हबच्या सरकत्या भागांत हे जाड ग्रीस ठासू नये. स्प्रिंगा अडकतात आणि हब नीट लागत नाही. सील आणि वाकवलेला लॉक वॉशर दर वेळी नवा घ्यावा.

नट घट्ट आवळला की काम पक्के झाले, हा समज सर्वांत महाग पडतो. चाक फिरवत नट आवळून रोलर जागेवर बसू द्यावेत, मग नट ढिला करून गाडीच्या सेवा-पुस्तिकेत दिलेल्या मापाने पुन्हा लावावा. अनेक गाड्यांत हे माप चाकाच्या स्टडला स्प्रिंग-काटा अडकवून हब फिरवायला लागणाऱ्या ओढीवर ठरते, आणि मिस्त्रींकडे तो काटा नसेल तर स्वतः नेऊन द्यावा. काम झाल्यावर वीसेक किलोमीटर शक्य तेवढे कमी ब्रेक लावत गाडी चालवावी, थांबून दोन्ही हबच्या जवळ हात नेऊन उष्णतेची तुलना करावी, आणि काहीशे किलोमीटरनंतर चाक पुन्हा उचलून वर-खाली हलवून पाहावे. नवे कप त्या अवधीत पूर्णपणे टेकतात आणि थोडा प्ले निघाला, तर नटचे माप तेव्हाच पुन्हा लावून घेता येते.