वर्गावरचा पहिला आठवडा: निदान या चुका तरी टाळा

दरवर्षी डीएडची चार-पाच मुलंमुली आमच्या नाशिकच्या पंचवटीतल्या शाळेत सरावाला येतात. आठवडाभर वर्ग त्यांच्या ताब्यात आणि मी मागच्या बाकावर वही घेऊन. येणारे चेहरे नवे असतात, चुका मात्र त्याच. त्याच शेऱ्यांनी माझी वही इतकी भरलीय की आता नुसते आकडे लिहिते: चूक एक, चूक चार, पुन्हा चूक एक.

सोमवारी परिपाठ आटोपला की लगेच नवा पाठ काढू नका. रविवार मध्ये गेलेला असतो. कोणी मामाच्या लग्नाला सिन्नरला, कोणी निफाडला द्राक्षाच्या कामावर आईबापांबरोबर. मी मधल्या सुट्टीपर्यंत पुस्तकच उघडत नाही. "शुक्रवारी आपण कुठं होतो?" एवढंच विचारते. उत्तर जिथं अडखळतं, तिथून माझा आठवडा सुरू होतो.

टाचणाबद्दल, म्हणजे पाठाच्या लेखी तयारीबद्दल, थोडं कडू बोलते. ग्रुपवर आलेली पीडीएफ जशीच्या तशी उतरवायची, हा आता रिवाजच झालाय. मागे एकानं गुरुवारच्या रकान्यात 'मुलांनी आनंदाने सहभाग घेतला' असं बुधवारीच लिहून ठेवलं होतं. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास धरलेत आणि त्यात तयारीचे तासही मोजलेत. म्हणजे तयारी हे वरचं काम नाही, नोकरीतलंच आहे. माझं टाचण चार ओळींचं असतं. त्यातली एक ओळ 'कोण अडकेल' याची, नावानिशी.

आता चूक एक. "समजलं का?"

हा प्रश्न विचारायचाच नाही. तीस मुलं एका सुरात "होऽऽ" म्हणतात, कारण तसं म्हटलं की बाई पुढं जातात हे त्यांना पहिलीपासून पाठ असतं. दोनेक वर्षांपूर्वी तिसरीच्या वर्गावर एक हुशार मुलगी आली होती. फळ्यावर 62 वजा 38. "दोनातून आठ जात नाहीत, मग शेजारच्या सहाकडून एक उसना घ्या." तीन गणितं झाली, समजलं का झालं, होऽऽ झालं. बाईसाहेब खुशीत. मी म्हटलं, उद्या सकाळी हेच गणित चिठ्ठीवर दे. दुसऱ्या दिवशी 31 पैकी 19 चिठ्ठ्यांवर उत्तर 36. आठातून दोन गेले सहा, सहातून तीन गेले तीन. मोठ्यातून लहान वजा करायचं, वर-खाली कोण आहे ते बघायचं नाही. हा निष्काळजीपणा नव्हे. मुलांनी स्वतःसाठी केलेला तो नियम आहे, आणि तो दरवेळी तसाच लागतो.

एका पोरानं चिठ्ठी कोरी ठेवली होती. का रे, विचारलं तर म्हणाला, "बाई, ते उसनं घेतलेलं परत कधी द्यायचं?"

मी बारा वर्षं 'उसना' शिकवत आले होते. कोणी विचारलं नव्हतं. त्याच्या घरी वाटीभर साखर उसनी आणली की परत जाते, इथं सहा बिचारा कायमचा पाच होऊन बसतो. त्याची आजी बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात भाजी घेऊन बसते. मी विचारलं, "गिऱ्हाईकानं पन्नासची नोट दिली नि सुटे नसले तर आजी काय करते?" "शेजारणीकडून मोड आणते." झालं! तेव्हापासून माझ्या वर्गात उसना बंद, दहाची मोड सुरू. साठ म्हणजे दहाच्या सहा नोटा, एकीची मोड केली, पाच राहिल्या, सुटे झाले बारा. कोणी कोणाचं देणं लागत नाही.

पण हे नुसतं फळ्यावर बोलून होत नाही. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे लागतात, आणि गठ्ठ्याचा रबर मुलानं स्वतः काढावा लागतो. बाईंनी काढून दाखवला की तो बाईंचा झाला. याला दोन-तीन दिवस जातात. मग सरावाला आलेले घड्याळ बघतात, "मॅडम, पोर्शन?" पोर्शन कुठं पळून जात नाही. पाचवीत हीच मुलं पुन्हा 36 लिहितात, तेव्हा ते तीन दिवस व्याजासकट जातात.

जाता जाता, घरी आजोबांची रीत वेगळी असू शकते: वर दोनाचे बारा, खाली तिनाचे चार, म्हणजे वर घेतलेले दहा खाली परत. तिथं हिशेब चुकता होतो, उत्तरही 24 च येतं. मुलाला "हे चूक आहे" म्हणू नका. एका आठवड्यात दोन्ही मिसळू नका, एवढंच.

बासष्ट ऐकून 26 लिहिणाऱ्यावरही ओरडू नका. मराठीत एककाचा उच्चार आधी येतो, पोर कानानं ऐकतं तसं लिहितं. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'साठ दोन' अशी रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! मी तेव्हाही दोन्ही म्हणून घेत होते, आजही घेते.

दुसरी माझी खास चीड म्हणजे उसनी उदाहरणं. लांबी-उंची शिकवायला वीत नि हात, आणि गोष्ट कुठल्या तरी राजाच्या पलंगाची. अरे, शाळेपासून रामकुंड हाकेच्या अंतरावर! मी विचारते, गोदावरीला पूर किती आला हे तुमच्या घरी कसं सांगतात? अर्धा वर्ग उठतो. पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्यापर्यंत आलं. मग पुढचा प्रश्न: पाणी तुझ्या गुडघ्यापर्यंत आणि माझ्या गुडघ्यापर्यंत, यात फरक पडेल का? पडेल. मारुती मात्र सगळ्यांना एकच. मोजायला सगळ्यांचं एकच माप का लागतं, हे तिथंच येतं. मीटरपट्टी त्यानंतर काढावी. धड्याच्या सुरुवातीलाच ती वाटली की तलवारबाजी होते, दुसरं काही होत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. पहिल्या बाकावरच्या वर केलेल्या हाताला उत्तर विचारू नका, तो हात सगळा आठवडा वरच असतो. पेठ-सुरगाण्याकडचं पोर कोकणीत (तिकडच्या आदिवासींच्या बोलीत) बोललं, बागलाणचं अहिराणीत बोललं, तर 'नीट बोल' म्हणू नका, आधी उत्तर ऐका. खिचडीनंतरच्या तासाला गणित लावू नका. आणि पाठ चालू असताना फोटो काढू नका. मुलं तुमच्याकडे नाही, मोबाइलकडे बघतात.

शनिवारी सकाळची शाळा. चाचणीचा मोह होतो, कारण रकाना भरायचा असतो. मी त्या दिवशी पाच-पाच मुलांना जवळ बोलावते, एक गणित देते आणि "कसं केलंस?" विचारून गप्प बसते. गप्प बसणं मात्र सरावाच्या मुलांना जमत नाही, तिसऱ्या सेकंदाला उत्तर त्यांच्याच तोंडून बाहेर पडतं. म्हणून मागच्या खेपेपासून मी त्यांना मनात वीसपर्यंत मोजायला लावते. एकजण दर वेळी अकरावरच बोलून टाकायचा.