चेहऱ्याला तेल लावावे की सीरम? आधी त्वचेला काय कमी पडते ते पाहावे

दुकानाच्या फळीवर दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. तीस मिलिलिटरची गडद काच, वर रबरी टोपीचा ड्रॉपर आणि नावात कुठेतरी 'ग्लो' हा शब्द. त्यामुळे ही दोन्ही एकाच कामाची साधने असून त्यांतले एक निवडायचे आहे, असा ग्राहकाचा समज होतो आणि काउंटरवरची व्यक्तीही बहुधा तो दूर करत नाही. प्रत्यक्षात सीरम त्वचेला पाणी आणि काही विशिष्ट घटक पुरवते, तर तेल त्वचेत आधीच असलेले पाणी उडून जाऊ देत नाही. म्हणून कोणती बाटली चांगली हे ठरवण्याआधी आपल्या त्वचेत पाणी कमी आहे, स्निग्धता कमी आहे की दोन्ही, हे ओळखावे लागते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर चपट्या, मृत पेशींचा असतो आणि त्यांच्यामधल्या फटी सेरामाइड (त्वचेतले मेणासारखे मेद), कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांनी बुजलेल्या असतात. हा लिंपा शाबूत असला की आतले पाणी आत राहते. तो झिजला की पाणी सुटू लागते आणि बाहेरची धूळ, साबण, सुगंधी द्रव्ये सहज आत शिरतात. बहुतेक सीरमे पाण्यात बनवलेली असतात आणि त्यांत ग्लिसरीन व हायलुरॉनिक ॲसिड (दोन्ही पाणी धरून ठेवणारी), नियासिनामाइड (व्हिटॅमिन बी३ चे रूप) किंवा व्हिटॅमिन सी यांपैकी काहीतरी विरघळवलेले असते. शुद्ध तेलात पाण्याचा थेंबही नसतो. त्यामुळे तेलाने कोरडी त्वचा ओली होत नाही, ओली असलेली त्वचा ओली राहते, एवढा फरक लक्षात ठेवला तरी खरेदीतल्या निम्म्या चुका टळतात.

त्वचेचा प्रकार ओळखण्यासाठी सुटीच्या दिवशी सकाळी सौम्य फेसवॉशने आणि कोमट पाण्याने चेहरा धुवावा, मऊ पंचाने टिपून घ्यावा आणि तासभर काहीही लावू नये. त्यानंतर कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालांवर पातळ टिश्यू पेपरचे वेगवेगळे तुकडे दाबून पाहावेत. सगळीकडे तेलाचे डाग उमटले तर त्वचा तेलकट, फक्त कपाळ-नाकावर उमटले तर मिश्र, कुठेच उमटले नाहीत आणि हसताना गाल ओढल्यासारखे वाटले तर कोरडी समजावी. ही तपासणी एकदा मे महिन्यात आणि एकदा डिसेंबरात करावी, असा माझा आग्रह आहे. मुंबईच्या दमट हवेत तेलकट असलेला चेहरा विदर्भातल्या थंडीत तसाच राहील असे नाही आणि दिवसभर एसीत बसणाऱ्याची त्वचा तर ऋतू कोणताही असो, कोरडी पडू शकते.

सर्वाधिक गोंधळ होतो तो तेलकट, पण तरीही ताणल्यासारख्या वाटणाऱ्या त्वचेबाबत. दुपारपर्यंत नाक चमकते, म्हणून माणूस दिवसातून चार वेळा साबणाने तोंड धुतो. आंघोळीच्या साबणाचा सामू (पीएच) ९ ते १० च्या आसपास आणि त्वचेचा स्वतःचा साधारण ५, त्यामुळे प्रत्येक धुण्यासरशी वरचा लिंपा थोडा थोडा निघून जातो. तेलग्रंथी आपले काम करतच राहतात, पाणी मात्र उडत राहते. अशा त्वचेला स्निग्धता भरपूर असते आणि पाणी कमी पडते. तिला तेल नको, साबण बंद करून ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक ॲसिड असलेले साधे सीरम आणि वर हलके, जेलसारखे मॉइश्चरायझर हवे. खरी कोरडी त्वचा याहून वेगळी असते. तिच्यात ग्रंथींतून येणारे तेलच कमी असते. नडगीवर नखाने रेघ ओढली की ती पांढरी उमटते, थंडीत गाल उलतात, नाकाच्या कडेला बारीक पापुद्रे सुटतात. नुसते पाणीदार सीरम अशा त्वचेला पुरत नाही. सीरम, त्यावर क्रीम आणि सगळ्यांत वर दोन-तीन थेंब तेल, असा क्रम तिला मानवतो. क्रीम वगळून नुसते तेल लावण्याची सवय अनेकांना असते. त्याने चेहरा तुकतुकीत दिसतो, पण तास-दोन तासांत आतून पुन्हा ओढ जाणवते.

तेलांमध्येही मोठा फरक असतो आणि 'नैसर्गिक' या एका शब्दाखाली तो झाकला जातो. करडई आणि सूर्यफूल यांच्या नेहमीच्या तेलांत लिनोलिक आम्ल अधिक असते. ते त्वचेच्या सेरामाइडांच्या घडणीत उपयोगी पडते आणि तेल हलकेही लागते. ऑलिव्ह आणि बदाम तेलात ओलिक आम्लाचे प्रमाण मोठे असते. ते त्वचेत चटकन मुरल्यासारखे वाटते, परंतु ओलिक आम्ल वरच्या थराची घडी विस्कटू शकते. म्हणून नाजूक किंवा सोललेल्या त्वचेवर ऑलिव्ह तेल रोज चोळू नये. खोबरेल तेलात जवळपास निम्मे लॉरिक आम्ल असते. हातापायांच्या कोरडेपणावर ते चांगले काम करते, पण मुरूम येणाऱ्या चेहऱ्यावर ते छिद्रे बुजवते. कोकणात भेगाळलेल्या टाचांना आणि फुटलेल्या ओठांना कोकमाचे तेल लावतात, तेही तिथेच शोभते. सामान्य तापमानाला घट्ट असणारी ही चरबी चेहऱ्यावर जड होते. स्क्वालेन आणि होहोबा हे दोन पर्याय महाग असले, तरी हवेने लवकर खराब होत नाहीत आणि सहसा कोणत्याही त्वचेला चालतात.

'आमच्या आजीने आयुष्यभर तेलच लावले' हा युक्तिवाद या टप्प्यावर हमखास येतो. तो खोटा नाही, पण अर्धवट आहे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात तेल लावले जाते ते उटण्याने आणि गरम पाण्याने उतरवण्यासाठी. त्वचेवर ते तासभर राहते आणि मागे पातळशी स्निग्धता उरते. रात्री लावून सकाळपर्यंत ठेवायचे तेल हा निराळा वापर आहे आणि तेलकट चेहऱ्याला पहिला प्रकार चालला म्हणून दुसरा चालेलच असे नाही. स्वयंपाकघरातली बाटली चेहऱ्यासाठी वापरायची असेल तर आधी वास घ्यावा. गॅसजवळ महिनोन्महिने उघडे राहिलेले तेल खवट होते आणि खवट तेलातली द्रव्ये त्वचेला त्रास देतात. करडई-सूर्यफुलाच्या काही बाटल्यांवर 'हाय ओलिक' असे छापलेले असते. तळणीसाठी ती उत्तम, मात्र वर सांगितलेला लिनोलिकचा गुण त्यांत नसतो.

मुरूम येणाऱ्या तेलकट त्वचेने सीरमच निवडावे. चार-पाच टक्के नियासिनामाइड पुरेसे असते. दहा टक्क्यांची बाटली दुप्पट गुण देत नाही, काहींना मात्र चुरचुर नक्की देते. सॅलिसिलिक ॲसिड तेलात मिसळणारे असल्यामुळे बुजलेल्या छिद्रांत उतरू शकते. ते २ टक्क्यांपर्यंतचे घ्यावे आणि सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन रात्रीच लावावे. कपाळावर एकसारख्या आकाराचे, खाजणारे बारीक पुरळ उठत असेल, तर ते नेहमीचे मुरूम नसून मॅलेसेझिया या यीस्टमुळे आलेले असू शकते. तेलातल्या बऱ्याच मेदाम्लांवर हे यीस्ट पोसले जाते, त्यामुळे अशा वेळी चेहऱ्याचे तेल तर बंद करावेच, शिवाय केसांना चपचपीत तेल चोपडून रात्रभर झोपण्याची सवयही सोडावी, कारण उशीवरून तेच तेल कपाळावर उतरते. डोक्यात कोंडा आणि नाकाच्या कडेला लाल, खवलेदार चट्टे एकत्र दिसले, तर दोन्ही बाटल्या बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

मिश्र त्वचेसाठी दोन वेगळे संच घेण्याची गरज नाही. सीरम सगळ्या चेहऱ्याला आणि तेल फक्त गालांना, तेही थंडीतच, एवढे पुरते. ज्यांची त्वचा कुठेही ओढत नाही आणि फारशी चमकतही नाही, त्यांनी मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीनवर समाधान मानले तर त्यांचे काहीही बिघडत नाही.

संवेदनशील त्वचेबाबत अधिक जपावे लागते. आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर साधी जळजळ झाली तरी मागे काळा डाग उरतो आणि तो जायला महिने लागतात. म्हणजे उजळपणासाठी आणलेल्या तीव्र सीरमानेच चेहरा काळवंडण्याची शक्यता असते. लिंबू, संत्रे, दालचिनी, पुदिना यांचे सुगंधी अर्क घातलेली तेले अशा लोकांनी टाळावीत. ज्यांनी गोरे होण्यासाठी स्टेरॉइड मिसळलेली क्रीमे दीर्घकाळ वापरली आहेत, त्यांची त्वचा पातळ आणि तापट झालेली असते. त्यांनी तेल-सीरमाचे प्रयोग स्वतः न करता डॉक्टरांच्या सल्ल्यानेच पुढे जावे.

डाग किंवा सुरकुत्या हे उद्दिष्ट असेल, तर काम सीरमाचे असते, तेलाचे नव्हे. व्हिटॅमिन सी साठी एल-ॲस्कॉर्बिक ॲसिडाचे १० ते २० टक्के प्रमाण उपयुक्त मानले जाते, पण ते आम्लधर्मी असल्याने झोंबते आणि हवा-उजेड लागला की लवकर बिघडते. माझी पहिली बाटली मी खिडकीतल्या फळीवर, उन्हाच्या तिरिपेत ठेवली होती. आणली तेव्हा पाण्यासारखे असलेले सीरम दीड महिन्यात कोऱ्या चहाच्या रंगाचे झाले आणि निम्मी बाटली फेकून द्यावी लागली. तेव्हापासून मी लहान बाटली घेते आणि ती कपाटात ठेवते. सुरकुत्यांसाठीचे रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चे रूप) रात्रीच लावावे, एक दिवसाआड सुरू करावे आणि गर्भारपणात किंवा गर्भधारणेच्या तयारीत ते अजिबात वापरू नये.

लावण्याची पद्धत सोपी आहे, पण क्रम चुकला की गुण येत नाही. पाणीदार पदार्थ आधी, तेलकट नंतर. कारण तेलाच्या थरावर टाकलेले सीरम मुरत नाही, मण्यांसारखे घरंगळते. हायलुरॉनिक ॲसिडचे सीरम चेहरा किंचित ओला असतानाच लावावे आणि मिनिटभरात त्यावर क्रीम लावावे, नाहीतर कोरड्या हवेत उलट ओढ वाढल्यासारखी वाटते. तेलाचे दोन-तीन थेंब तळहातावर घेऊन दोन्ही हात एकमेकांवर चोळावेत आणि गालांवर नुसते दाबावेत. मालिश करण्याची गरज नाही. ड्रॉपर चेहऱ्याला टेकवू नये. तेल शक्यतो रात्रीच लावावे, कारण सकाळी सनस्क्रीनखाली तेलाचा थर असला तर सनस्क्रीनचा सलग पापुद्रा नीट बसत नाही. सीरमाने काम केलेल्या त्वचेला तर सनस्क्रीन चुकवून चालतच नाही.

विकत घेताना पुढचे नाव सोडून मागची यादी वाचावी. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात आणि १ टक्क्याहून कमी असलेले मात्र कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. नावात आर्गन तेल असेल आणि यादीत ते सुगंधी द्रव्याच्याही मागे असेल, तर आपण कशाचे पैसे देत आहोत हे कळते. नवी बाटली आणल्यावर सात दिवस कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा लावून पाहावी आणि एका वेळी एकच नवा पदार्थ सुरू करावा. दोन एकदम सुरू केले आणि पुरळ उठले, तर दोष कोणाचा हे कळायला मार्ग राहत नाही. उघड्या डबीच्या चित्रात ६ एम किंवा १२ एम असे लिहिलेले असते, ते उघडल्यानंतरचे महिने होत. बाटली उघडली त्या दिवशीची तारीख तिच्या बुडाशी मार्करने लिहून ठेवावी.