रशियातल्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) सेवेला जाताना: आधी पत्र, मग बॅग

पासपोर्ट, तिकीट, विमा या गोष्टी कोणी विसरत नाही, त्यावर शब्द घालवत नाही. विसरलं जातं ते अधिकारपत्र. मागच्या वेळी आमच्या गटाचंही तेच राहिलं आणि संध्याकाळची सभा सोडून दुभाष्यासकट पोलीस ठाण्यात बसावं लागलं. म्हणून सुरुवात तिथूनच.

जुलै 2016 पासून रशियात मंडळीबाहेरच्या लोकांना आपल्या विश्वासाबद्दल सांगायचं असेल तर ते नोंदणीकृत धार्मिक संस्थेच्या किंवा अधिकाऱ्यांना रीतसर कळवलेल्या धार्मिक गटाच्या वतीनंच करता येतं. तसं लेखी पत्र संस्थेकडून घ्यावं लागतं. त्यात संस्थेची नोंदणी आणि तुमचं नाव हवं. परदेशी माणसाला आणखी एक अट आहे: ती संस्था ज्या प्रदेशात काम करते तेवढ्याच प्रदेशात बोलायचं. इथंच लोक फसतात. मॉस्को शहर आणि त्याभोवतीचा मॉस्को ओब्लास्त (प्रांत) हे कायद्यानं दोन वेगळे प्रदेश आहेत. शहरातल्या स्थानिक मंडळीचं पत्र घेऊन तुम्ही ओब्लास्तातल्या खिमकीला किंवा मितिश्चीला गेलात, तर जेमतेम तासाभराच्या प्रवासात तुमचं पत्र निरुपयोगी झालेलं असतं. जिथे जिथे जाणार तिथलं पत्र आहे का, हे निघण्याआधी यजमान पाळकांना (तिथल्या चर्चच्या धर्मगुरूंना) विचारा. उत्तर मोघम आलं तर पुन्हा विचारा, संकोच करू नका. नियम मोडला तर परदेशी माणसाला दंड 30,000 ते 50,000 रुबल, शिवाय देशाबाहेर काढू शकतात, आणि तुमच्यामागे त्या मंडळीवर जे येतं ते वेगळंच.

वाटायचं साहित्य इथून नेऊ नका. प्रत्येक पत्रकावर संस्थेचं पूर्ण अधिकृत नाव छापलेलं लागतं. कुणाच्या फ्लॅटवर उपासनेला बसता येतं, पण तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून आपल्या विश्वासाची साक्ष देणं चालत नाही. आणि तुम्हाला वाटेल की आपण तर नुसतं अभिवादन करणार, दोन शब्द बोलणार. त्या दोन शब्दांनाही पत्र लागू शकतं. पत्र खिशात ठेवा, बॅगेत नाही.

व्हिसा. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, सोपा आहे, म्हणून मोह होतो. तो पाहुणे, पर्यटन, व्यवसाय अशा कामांसाठी आहे, मंडळीत संदेश (प्रवचन) द्यायला नाही. धार्मिक कामाचा व्हिसा यजमान संस्थेच्या निमंत्रणावर निघतो आणि निमंत्रणाला वेळ लागतो. घाई चालणार नाही. पोहोचल्यावर राहत्या पत्त्याची नोंदणी सात कामकाजाच्या दिवसांत. हॉटेल स्वतः करतं. कुणाच्या घरी उतरलात तर घरमालकानं करायची असते, आणि घरातल्या आजी 'करू, करू' म्हणतात. मागे लागा. नोंदणीची चिठ्ठी आणि मायग्रेशन कार्ड (देशात शिरताना मिळतं ते) पासपोर्टमध्ये, आणि त्याच घडीत पत्र.

पैसे: आपलं बँकेचं व्हिसा कार्ड किंवा मास्टरकार्ड तिथे चालत नाही, मार्च 2022 पासून. डॉलर किंवा युरो न्या, कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा, आणि मुक्कामभर पुरतील इतक्या. घरून मागवू म्हणाल तर ते सोपं नाही. इन्स्टाग्राम, फेसबुक बंद आहे. सिमकार्डासाठी परदेशी माणसाला बायोमेट्रिक नोंद करावी लागते, म्हणून पहिले काही दिवस फोनशिवाय जातील असं धरून पत्ते आणि नंबर कागदावर लिहून घ्या, रशियन अक्षरांतही.

कपड्यांत लोक एक भला जाड स्वेटर घेतात. ते चुकीचं आहे. ऑक्टोबरपासून मेपर्यंत इमारतींत मध्यवर्ती हीटिंग असतं, आत घाम येतो, म्हणून पातळ थरांवर थर. कोट मात्र खरा गरम हवा, आणि त्याच्या कॉलरच्या आत टांगायची कापडी पट्टी हवी. सार्वजनिक इमारतीत कोट गार्डरोबला, म्हणजे कोट ठेवायच्या खिडकीवर, द्यावाच लागतो. तिथली बाई कोट उलटा करते, बोटानं पट्टी शोधते आणि सापडली नाही की रांगेदेखत सुनावते. निघण्याआधी सुईदोरा घेऊन घट्ट शिवून घ्या. बुटांचा तळ खरबरीत असावा, फुटपाथवर बर्फाचा काचेसारखा थर असतो.

घरात शिरताच दाराशी बूट काढायचे, आत चपला मिळतात. उंबऱ्यावर हात मिळवू नका. वडीलधाऱ्यांना नाव आणि वडिलांच्या नावासकट हाक. रस्त्यात कोणी हसलं नाही तर मनाला लावून घेऊ नका, चहाच्या टेबलावर तीच माणसं मध्यरात्रीपर्यंत उठू देत नाहीत. बाप्टिस्ट मंडळ्यांत बायका डोक्याला रुमाल बांधतात, दोन सोबत न्या. ऑर्थोडॉक्स चर्चमध्येही लागतोच, आणि तिथे बाकं नसतात, सगळी उपासना उभ्यानं. युक्रेन युद्धाबद्दल व्यासपीठावरून स्वतःच्या मनानं काही बोलू नका. सैन्याची बदनामी हा मार्च 2022 पासून गुन्हा आहे. प्रार्थनेतले शब्दसुद्धा पाळकांना आधी दाखवा.

शाकाहारी असाल तर हॉटेलात उपवासाचं, म्हणजे पोस्तनोये जेवण मागा. त्यात मांस, अंडी, दूध नसतं. शेपू सगळ्यात असतो. नाताळ बहुतेकांचा 7 जानेवारीला. उन्हाळ्यात काही दिवस गरम पाणी बंद असतं, बादली-तांब्या आपल्याला येतोच. औषधं मूळ पाकिटात, कोडीन (अफूपासूनचं वेदनाशामक) असलेलं काही नाही. नळाचं पाणी उकळून. तातडीला 112.

दुसऱ्या गावी निघताना पत्र पुन्हा तपासा, त्या गावाचं आहे ना. परतताना मायग्रेशन कार्ड हाताशी. यजमानांना फुलं न्यायची तर विषम संख्येत, सम संख्येची तिथे मयताला नेतात.