कारखान्याचं इंट्रानेट उभारण्याआधी: तयारीची यादी

सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, हा प्रश्न यादीत बराच खाली ठेवा. चाकण, वाळूज किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात इंट्रानेट, म्हणजे कंपनीच्याच माणसांसाठीची आतली वेबसाइट, करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत डेमो सुरू होतात आणि मेन्यू तिथंच ठरून जातो: एचआर, अकाउंट्स, अ‍ॅडमिन, आयटी, आणि सगळ्यात वर एमडींचा संदेश. ऑपरेटरला खात्यांशी देणंघेणं नसतं. त्याला परवाची ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, लागली का, एवढंच बघायचं असतं.

म्हणून सुरुवात टाइम ऑफिसच्या, म्हणजे हजेरी बघणाऱ्या ऑफिसच्या, खिडकीपासून करा. एक वही घेऊन शिफ्ट भरताना आणि सुटताना तिथं बसा. दिवस असे निवडा की त्यात पगाराची तारीखही येईल. लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. ‘पीएल (पगारी रजा) किती राहिल्यात?’ ‘पंचिंग केलं होतं, तरी खाडा कसा लागला?’ ‘मेडिक्लेमचं कार्ड कुठं मिळेल, आईला अ‍ॅडमिट केलंय.’ हा तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो विचारणारा माणूस रात्री दवाखान्याच्या काउंटरपाशी उभा असतो आणि हातात फक्त मोबाइल असतो. त्याला कार्ड, कॅशलेस रुग्णालयांची यादी आणि विमा बघणाऱ्या माणसाचा चालू नंबर एकाच पानावर मिळाला पाहिजे. आज बहुतेक ठिकाणी त्याला पॉलिसीची अख्खी पीडीएफ मिळते. जे ईएसआयसीत, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत, आहेत त्यांचे दवाखाने आणि कागद वेगळे, तेव्हा त्यांचं पानही वेगळं करा.

वहीच्या शेजारी वर्षाचं कॅलेंडर मांडा. जानेवारी-फेब्रुवारीत कर वाचवण्यासाठी केलेल्या गुंतवणुकीच्या पावत्या, जूनमध्ये फॉर्म १६, गणपतीला कोकणात जाणाऱ्यांच्या रजा, दिवाळीआधी बोनस. मुख्य पान ऋतूप्रमाणे बदलायला हवं, आणि ते कोण बदलणार हे आत्ताच ठरवा.

मग कोण कोण वापरणार त्यांची यादी. इथं घाई करू नका, कारण बहुतेक इंट्रानेट इथंच फसतात. कंपनीचा ईमेल असलेले किती आणि नसलेले किती, हे एचआरकडून आकड्यांत मागा. लाइनवर काम करणाऱ्यांना ईमेल नसेल तर लॉगिन टोकन नंबर आणि मोबाइलवरच्या ओटीपीने करावं लागेल. पण मग ज्यांचे मोबाइल नंबर बदललेत त्यांची नोंद आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी टाइम ऑफिससमोर रांग लागेल. शॉप फ्लोअरवर फोन नेता येत नसेल तर कॅन्टीनमध्ये किऑस्क, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायचा स्क्रीन, लागेल. शिफ्ट बदलताना एका किऑस्कपुढं किती जण उभे राहतात ते प्रत्यक्ष बघून या. माणूस बाजूला झाला की लॉगआउट आपोआप व्हायला हवं. एकाची पगाराची स्लिप मागच्याला दिसली की लोक त्या यंत्राला परत हात लावत नाहीत. कंत्राटी कामगारांना आत घेणार का, याचाही निर्णय लेखी घ्या. सुरक्षेच्या सूचना, बसचे रूट आणि कॅन्टीनच्या वेळा त्यांनाही तितक्याच लागतात. त्यांना दाराबाहेर ठेवणं मला तरी पटत नाही.

वहीतले प्रश्न आता एकेका कार्डावर लिहा आणि लोकांना गठ्ठे करायला सांगा. कोणतं कार्ड कुणाबरोबर जातं ते त्यांनी ठरवायचं, गठ्ठ्याला नावही त्यांनीच द्यायचं. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे जाणकार जेकब नील्सन यांनी यासाठी १५ माणसं सुचवली आहेत. ती सगळी ऑफिसमधली घेऊ नका. वेल्डर, स्टोअरकीपर, थर्ड शिफ्टचा सुपरवायझर हवेत. मेन्यूतली नावं या गठ्ठ्यांतून येतील. ‘एम्प्लॉयी सेल्फ सर्व्हिस’ असं नाव कुणीही देणार नाही, ‘माझी रजा’ असं देतील.

मराठी मजकुराची तयारी वेगळी आणि वेळखाऊ आहे. जुनी परिपत्रकं बहुधा श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. छापल्यावर ती सुंदर दिसतात, पण मजकूर कॉपी करून पानावर टाकला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला होतो. शोधखिडकीत ‘बोनस’ टाकलं तर त्यातलं एकही सापडत नाही. स्कॅन करून ठेवलेल्या परिपत्रकांचंही तेच. सगळं युनिकोडमध्ये आणायचा खर्च करू नका. जे अजून लागू आहे तेवढंच आणा आणि कन्व्हर्टरमधून निघालेलं प्रत्येक पान माणसाकडून वाचून घ्या, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. शोधासाठी समानार्थी शब्दांची यादीही करा: पगार, पेमेंट, सॅलरी, पे-स्लिप, आणि रोमन लिपीत टाइप केलेला पगारसुद्धा.

प्रत्येक पानाला एक मालक आणि एक मुदत हवी. मालक म्हणजे खातं नव्हे, माणूस. ज्या पानाला मालक मिळत नाही ते पान करूच नका. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५:१ ठेवा आणि बटणं मोठी करा. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमल्याचा आदेश कामाच्या ठिकाणी ठळक जागी लावावा लागतो. इंट्रानेटवर पान केलं म्हणून भिंतीवरचा कागद काढू नका. आणि डिरेक्टरीत कुणाचाही खासगी मोबाइल नंबर, विशेषतः महिलांचा, त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका.

आता सॉफ्टवेअर. विक्रेत्याला मागून घेतलेल्या ट्रायलवर आपली दहाएक पानं मांडा आणि ५ जणांना वापरायला बसवा. एका फेरीला एवढे पुरतात, हेही नील्सन यांनीच २००० साली मांडलं होतं. सापडलेलं दुरुस्त करून पुढच्या फेरीला दुसरे ५ बोलवा. काम सांगताना मेन्यूतला शब्द वापरू नका. ‘रजेचा अर्ज करा’ म्हटलं की माणूस ‘रजा’ शोधून दाबतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही. ‘सोमवारी बहिणीचा साखरपुडा आहे, काय कराल?’ असं विचारा आणि गप्प बसा. बोट कुठं थांबतं, कुठं मागे फिरतं, ते लिहून घ्या. साहेब शेजारी उभे असतील तर त्यांना विनंती करून बाहेर पाठवा, त्यांच्यासमोर ‘सापडत नाही’ असं कुणी म्हणत नाही.

सुरू करायची तारीख पगाराच्या किंवा बोनसच्या आठवड्यात घेऊ नका. नवं परिपत्रक आधी इंट्रानेटवर चढेल आणि शिफ्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याची लिंक जाईल, फोटो नाही, हे सुपरवायझरांशी आधीच बोलून ठेवा. शोधून काहीही न सापडलेल्या शब्दांची यादी दर सोमवारी टाइम ऑफिसच्या खिडकीत बसून हे प्रश्न रोज ऐकणाऱ्या माणसाच्या टेबलावर गेली पाहिजे. ते शब्द कुठल्या पानात बसवायचे हे त्याला कळतं, आणि त्या कामासाठी आठवड्यातला तासभर त्याच्या ड्युटीत धरून द्या.