गॉडझिलाची सोफुबी जमवताय? मग या चुका टाळा

पार्सल उघडलं, गायगन (गॉडझिलाच्या सिनेमातला राक्षस, त्याची मऊ विनाइलची फिगर) आणि त्याची शेपटी वेगवेगळी पॅक केलेली, आणि मी काय केलं तर सरळ शेपटी धरून भोकात दाबायला लागलो. डिसेंबरातली सकाळ होती, विनाइल पार कडक झालेलं. शेपटीच्या तोंडाशी जी जाड कड असते ना, जी आत गेली की अडकून बसते, ती कड एका बाजूने टर्रकन फाटली. आजही तो माझ्याकडे आहे, पण शेपटी हलते आणि बघितलं की वाईट वाटतं. म्हणून ही चूक आधी सांगतोय.

सोफुबी म्हणजे सॉफ्ट विनाइल, जपानी लोकांनी दोन शब्द तोडून केलेलं छोटं नाव. ही बनते कशी ते कळलं की अर्ध्या चुका आपोआप टळतात. धातूच्या साच्यात पातळ विनाइल ओततात, साचा गरम तेलात बुडवतात, बाहेरचा थर घट्ट झाला की आतलं उरलेलं परत ओतून काढतात आणि गरम असतानाच पक्कडीने ओढून तो तुकडा साच्याच्या अरुंद तोंडातून बाहेर काढतात. म्हणजे जन्मच गरम असताना ताणून झालेला आहे, तर तुम्हीही जोडताना-काढताना गरमच करा. चहाच्या पाण्याला उकळी यायच्या आधीचं पाणी घ्या, सांधा अर्धा-एक मिनिट बुडवा, मऊ लागला की हळू फिरवत शेपटी बसवा. खळखळ उकळतं पाणी नको, रंगाला त्रास होतो. हेअर ड्रायर चालतो पण एकाच जागी धरला तर तिथेच जास्त तापतं, मला पाणीच बरं वाटतं.

आणि एक मस्त गोष्ट म्हणजे विनाइलला आपला मूळ आकार आठवतो. डब्यात दबून किंग घिडोराची मान वाकडी झाली असेल तर लगेच हाताने उलटी वाकवायला जाऊ नका, आधी नुसती गरम पाण्यात धरा, बरीचशी आपली आपण सरळ होते. मग उरलेलं हाताने नीट करायचं आणि तसंच धरून गार पाण्यात बुडवायचं. वजनाने पुढे झुकणाऱ्या मोठ्या फिगरच्या पायात काही लोक तांदूळ भरतात, आपल्या हवेत ते अजिबात करू नका, किडे होतात. उशीत भरतात तो फायबर भरा.

आता चिकटपणा, यावर सगळ्यात जास्त लोक विचारतात. विनाइल मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घालतात, ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येत राहतं. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं, उन्हाच्या खिडकीत ठेवलं, की फिगर हाताला चिकट लागायला लागते. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा लिक्विड साबण आणि मऊ ब्रश, एवढंच पुरतं. नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको, रंग निघून येईल. धुतल्यावर शेपटी काढून सावलीत वाळवा कारण आत पाणी राहतं आणि पावसाळ्यात बुरशीचा वास धरतो. दोन फिगर एकमेकींना टेकवून ठेवू नका, गडद रंग फिक्या विनाइलमध्ये उतरतो आणि मग तो धुवून जात नाही. थर्माकोलला किंवा कडक प्लॅस्टिकच्या मॉडेल किटला टेकवलं तर ते प्लॅस्टिक विरघळल्यासारखं होतं.

आणि रद्दी! घर बदलताना मी मेकागॉडझिला वर्तमानपत्रात गुंडाळला होता, दोन महिन्यांनी उघडला तर चंदेरी पोटावर मथळ्याची उलटी अक्षरं उमटलेली, ती अजून तशीच आहेत. कोरा बटर पेपर वापरा.

विकत घेतानाची मोठी चूक म्हणजे पायाखालचं साल बघून "हा त्या वर्षीचा पीस" असं धरून चालणं. ते साल कॉपीराइटचं असतं, तोच साचा नवीन रंग नवीन टॅग लावून पुढे कित्येक वर्षं चालतो. मारुसान या जपानी खेळणी कंपनीने 1966 मध्ये गॉडझिलाचं विनाइल काढलं, नंतर बुलमार्क कंपनी आली जी 1977 ला बुडाली, आणि त्या जुन्या खेळण्यांच्या पुनरावृत्त्या नंतर भरपूर निघाल्या, त्यामुळे "मारुसान" वाचून लगेच पैसे पाठवू नका. तळपायाचा, सांध्याचा आणि टॅगचा फोटो मागा. आणि साइजसुद्धा बघा, बांदाई कंपनीच्या मूव्ही मॉन्स्टर सिरीजचा पीस 16-17 सेंमीचा असतो, एक्स-प्लस कंपनीचे 30 सेंमीवाले शेल्फवर वेगळीच जागा मागतात.

ऑनलाइन विक्रीच्या जपानी लिस्टिंगमधले चार-पाच शब्द शिकून घ्या, खरंच खूप उपयोग होतो. बेतात्सुकी म्हणजे चिकट, इरो-उत्सुरी म्हणजे दुसऱ्याचा रंग लागलेला, हियाके म्हणजे उन्हाने उडालेला, तागु-नाशी म्हणजे टॅग नाही, आणि जंकु लिहिलं असेल तर विक्रेता परत घेणार नाही असंच समजा. बांदाईच्या पीसला टॅग असेल तर तो कापू नका, टॅग गेला की विकताना किंमत उतरते. कस्टम ड्यूटी आणि शिपिंग धरूनच बोली लावा, नुसत्या येनच्या आकड्यावर खूश होऊ नका.

रंग उडाला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला एनॅमल स्प्रे मारू नका, तो विनाइलवर नीट वाळत नाही, महिनोन्‌महिने बोटांना चिकटत राहतो. जपानात यासाठी खास विनाइलचा रंग मिळतो, व्ही-कलर नावाने, तो मिळेपर्यंत फिगर आहे तशी राहू द्या.